सन १३२८ फसली

परभणी जिल्ह्यातील एखाद्या तहसील कचेरीत बसून मौजेवार यादीवरून सावकाश बोट फिरविले, तर गावांच्या नावांपुढे मधूनच 'बेचिराख' असा एकच शब्द लिहिलेला दृष्टीस पडतो. आजच्या बोलीत या शब्दास जळून भस्म झाल्याचा अर्थ चिकटला आहे, आणि त्याच्या शेपटाशी 'राख' असल्यामुळे तो चिकटणे स्वाभाविकही होते. परंतु महसुली दप्तरात हा शब्द शिरला तो फारसीच्या वाटेने, 'बे-चिराग' या रूपाने, आणि त्याचा मूळ अर्थ इतकाच की, ज्या गावी दिवा लागत नाही असे गाव. जमीन आहे, शीव आहे, सर्व्हे नंबर आहेत, सारा आहे, बांधावरची भांडणेही आहेत. सांजवेळी दिवा लावणारे तेवढे कोणी उरलेले नाही. शेजारच्या गावी जाऊन हे मौजे का उठले असे विचारावे, तर पारावर बसलेला म्हातारा क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देतो, 'साथीत उठलं.' कोणती साथ आणि कोणत्या सालची, हे मात्र त्यास सांगता येत नाही.

हे उत्तर जसेच्या तसे पदरात घेणे शहाणपणाचे नाही. गाव उठण्यास कारणे पुष्कळ असतात: गंगेचा पूर (या मुलखात गोदावरीस गंगाच म्हणतात), लागोपाठचे दोन दुष्काळ, दरोडेखोरांचा उपद्रव, साऱ्याचा बोजा, क्वचित एवढेच की विहिरीचे पाणी मचूळ झाले आणि लोक कोसभर पलीकडे वस्तीस गेले. तथापि इतक्या कारणांमधून लोकस्मृतीने नेमकी साथ उचलावी, आणि जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हेच उत्तर मिळावे, याचाही काही अर्थ लावला पाहिजे. ज्या प्रांतात साथीविषयी छापील असे फारसे काही नाही, त्या प्रांतात ती मौज्यांच्या यादीत, शिवेवरच्या दगडांत आणि म्हाताऱ्यांच्या वयाच्या हिशेबात जाऊन बसली आहे.

मुंबई-पुण्याची गोष्ट वेगळी. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले, त्या दिवसापासून पुढची प्रत्येक गोष्ट तारीखवार उपलब्ध आहे. १८९७ चा साथरोग कायदा, हाफकिनची लस, पुण्यातील घरझडत्या, रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांना आलेले मरण, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिशनर रँडवर चाफेकरांनी झाडलेली गोळी, या सर्वांची सरकारी अहवालांत, वर्तमानपत्रांत, खटल्यांच्या कागदांत आणि आत्मचरित्रांत इतकी नोंद आहे की, अभ्यासकाची तक्रार असलीच तर ती साहित्याच्या विपुलतेची असते. परभणी मात्र निजामच्या राज्यात, औरंगाबाद सुभ्यात. येथे इंग्रजी कायदा नव्हता, गोरे शिपाई घरात शिरले नाहीत, त्यांच्यावर कडाडून टीका करणारे मराठी पत्र येथे निघत नव्हते. हैदराबादेत 'निजाम विजय' हे मराठी साप्ताहिक निघाले तेच मुळी १९२० साली. रँड नव्हता म्हणून चाफेकरही नव्हते, आणि दोघेही नव्हते म्हणून इतिहासही लिहिला गेला नाही. माणसे मरण्यात मात्र काही न्यून राहिले नाही.

रोग या जिल्ह्यात कसा खेळला हे कळण्यासाठी प्रथम आगगाडीचा रस्ता पाहिला पाहिजे. मनमाडपासून हैदराबादपर्यंतची गोदावरी खोऱ्याची अरुंद रुळांची गाडी १९०० च्या सुमारास सुरू झाली, आणि जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा अशी जी स्टेशने एकामागून एक उभी राहिली, ती बहुतेक कापसाची आणि ज्वारीची ठाणी होती. हिंगोलीचा फाटा पूर्णेपासून १९१२ मध्ये निघाला. गाडी येण्याआधी मुंबई बंदराचा रोग बैलगाडीच्या चालीने यावयाचा. आता तो मनमाडला गाडी बदलून धान्याच्या पोत्यातून येऊ लागला. प्लेगचे जंतू उंदराच्या पिसवांवाटे माणसात उतरतात ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली मांडली, तेव्हा तिच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे मुंबईच्या संशोधन मंडळाने प्रयोग करकरून ती सिद्ध केली. आमच्याकडील कुणब्याला हे तत्त्व कोणी सांगितले नव्हते, परंतु त्याचे लक्षण त्यास पुरेपूर ठाऊक झाले होते. 'घरात उंदीर पडला' एवढे तीन शब्द उच्चारले की, पुढचे काही सांगावे लागत नसे. चुलीवरचे तसेच ठेवून गाव माळावर निघे.

मराठवाड्यातील घराची बांधणी ज्याने पाहिली असेल, त्यास या पळापळीचे मर्म तत्काळ ध्यानी येईल. दोन-दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, वर सागाच्या किलचणांवर पांढऱ्या मातीचे जाड माळवद, खिडकी जवळपास नाहीच, आणि भिंतीच्या पोटात धान्यासाठी घडविलेले बळद. उन्हाळ्यात या घरात जो गारवा असतो तो कोणत्याही बंगल्यात मिळणार नाही. परंतु उंदरास याहून सुखाचे बिऱ्हाडही दुसरे मिळणार नाही. कोकणात किंवा पुण्यात कौले काढून घरात ऊन घेता येत असे. माळवद असे उघडता येत नाही. ते उघडायचे म्हणजे घरच पाडायचे. म्हणून येथे रोग हटविण्याचा उपाय एकच होता: घर रोगाला सोडून द्यायचे आणि आपण रानात जायचे. पऱ्हाट्या आणि तुराट्या यांच्या कुडांच्या खोपी माळावर उभ्या राहत, कडब्याने शाकारल्या जात, आणि दोन-तीन महिने सगळा गाव, पाटलापासून येसकरापर्यंत, आपापल्या जातीच्या अंतराने तेथे नांदत असे. येसकराची खोप वाऱ्याच्या खालच्या अंगाला. साथीतही एवढी व्यवस्था बिघडली नाही.

निजामच्या राज्यात प्लेग शिरला तो मुंबई इलाख्याला लागून असलेल्या पश्चिमेकडील जिल्ह्यांतून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन वर्षांत. खुद्द हैदराबाद शहरात त्याने कहर केला तो १९११ साली. राजधानीत रोग आल्याबरोबर राजधानीचे डोळे उघडले, 'आराइश-ए-बलदा' म्हणजे नगरसुधारणेचे मंडळ दुसऱ्याच वर्षी स्थापन झाले, गलिच्छ मोहल्ले पाडून रस्ते रुंद झाले. जिल्ह्यांच्या वाट्यास त्या सुधारणेतील काही आले असे दिसत नाही.

परभणीच्या बाबतीत प्लेगची मोजदाद करताना आणखी एक अडचण अशी की, त्याच्या पुढेमागे दुष्काळ उभा आहे. १८९१ च्या शिरगणतीत या जिल्ह्याची वस्ती आठ लाखांच्या वर होती. १९०१ मध्ये ती साडेसहा लाखांच्या आत आली. दहा वर्षांत सुमारे पाचवा हिस्सा माणूस नाहीसा झाला, आणि त्याच अवधीत सबंध राज्याची वस्ती १ कोटी १५ लाख ३७ हजारांवरून १ कोटी ११ लाख ४१ हजारांवर, म्हणजे शेकडा साडेतीनाच्या आतबाहेर, उतरली. राज्याला लागलेल्या ठेचेत परभणीचे बोट असे मुळापासून उखडले गेले. गॅझेटियरकर्ते त्याचे खापर १८९९-१९०० च्या दुष्काळावर फोडतात आणि ते बहुतांशी खरेही आहे. परंतु दुष्काळात माणूस नुसत्या उपासाने क्वचितच मरतो. खडी फोडण्याच्या कामावर हजारो माणसे एका डबक्याचे पाणी पितात, पटकी लागते, आणि वहीत कारण लिहिताना लिहिणाऱ्याच्या हाताला जो शब्द प्रथम येईल तो लिहिला जातो.

आता या वह्यांकडेच वळले पाहिजे, कारण परभणीच्या साथींचा शोध घेऊ पाहणाऱ्याची खरी परीक्षा येथेच होते. १८६५ मध्ये पहिल्या सालारजंगाने जिल्हाबंदी केली, अव्वल तालुकदार, तहसीलदार, पेशकार अशी उतरंड लावली, आणि पुढे वीस वर्षांच्या आत कचेरीची भाषा फारसीवरून उर्दूवर आली. गावचा पटवारी मात्र आपली वही मोडी मराठीतच लिहीत राहिला. तेव्हा एकाच मरणाची बातमी गावात मोडीत, तहसिलीत उर्दूत आणि हैदराबादेत रेसिडेन्सीसाठी इंग्रजीत, अशी तीन अंगरखे बदलून प्रवास करी. उर्दू कागदांत 'प्लेग' हा शब्द शोधीत बसणाऱ्याला थोडेच हाती लागेल. तेथे 'ताऊन' शोधला पाहिजे. पटकीसाठी 'हैजा', देवीसाठी 'चेचक', आणि रोगाचे नाव लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसेल तेव्हा नुसते 'वबा', म्हणजे साथ.

शिवाय सालाचा घोळ. हैदराबादचा फसली सन इंग्रजी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्याच्या पहिल्या तारखेस सुरू होई आणि आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशा इराणी महिन्यांनी चाले. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत फसलीत ५९० मिळवावे, आणि जानेवारीपासून पुढे ५९१, म्हणजे इसवी सन येतो. मुंबई इलाख्यातही फसली सन होता, परंतु तो जूनमध्ये बसे. तेव्हा बार्शीकडचा फसली आणि परभणीचा फसली एकच समजून जो हिशेब करील, त्याचे प्लेगचे मृत्यू पावसाळ्यात आणि पटकीचे हिवाळ्यात जाऊन पडतील. हा प्रमाद चांगल्या अभ्यासकांच्याही हातून होतो, आणि तो महत्त्वाचा आहे, कारण या मुलखात महिना पाहूनच रोग ओळखावा लागतो. आषाढात, पंढरीहून दिंड्या परत येण्याच्या सुमारास, गंगाखेडसारख्या नदीकाठच्या क्षेत्री एकदम मरणे वाढली, तर ती बहुधा पटकीची. थंडीत वाढली आणि चैत्र-वैशाखाच्या कडाक्यात ओसरली, तर ती बहुधा प्लेगची. आणि आजूर महिन्यात, सन १३२८ फसलीच्या अगदी तोंडाशी, तरणीताठी माणसे एका दमात गेलेली दिसली, तर कारण शोधीत बसण्याचे प्रयोजन नाही.

तो १९१८ चा ऑक्टोबर होता. पाऊस दगा देऊन गेला होता, ज्वारी महागली होती, युरोपातील युद्ध संपत आले होते. मुंबईत जून महिन्यात गोदीवरच्या पोलीस शिपायांना जो ताप आला होता तो सौम्य म्हणून लोक विसरून गेले होते. तोच सप्टेंबरात उग्र रूप घेऊन परतला, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशी एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसे दगावली. डॉक्टर त्यास इन्फ्लुएन्झा म्हणत. मराठी माणसाने त्याला 'मानमोडी' असे नाव दिले, आणि ज्याने ते प्रथम दिले त्याने रोगाची मान बरोबर धरली होती: सडकून ताप, अंग मोडून येणे, मान उचलवेनाशी होणे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी छातीत पाणी.

या आठवड्याचा विचार करताना पंचांग उघडून पाहिले तेव्हा मी काही काळ स्तब्ध झालो. त्या एका आठवड्यात चार कालगणना येऊन एका ठिकाणी मिळाल्या आहेत. फसली १३२८ चा आजूर लागला तो ऑक्टोबरच्या सहा तारखेच्या सुमारास. हिजरी १३३७ चा मोहरम लागला तो ७ ऑक्टोबरला. शके १८४० चा पितृपक्ष संपून घरोघर घट बसले तेही याच सुमारास. मुंबईचा मृत्यूचा उच्चांक ६ ऑक्टोबरचा. दसरा आला १५ तारखेला, आणि मोहरमची दहावी त्याला लागूनच, एका-दोन दिवसांच्या अंतराने. ज्यांनी मराठवाड्यातील गाव पाहिले आहे त्यांना याचा अर्थ विशद करून सांगण्याचे कारण नाही: एकीकडे सीमोल्लंघन करून आपट्याची पाने घेऊन गावभर गळाभेटी, दुसरीकडे सवाऱ्या आणि डोले, त्यांच्यासमोर नाचणारे, नवस बोललेले हिंदू-मुसलमान दोन्ही, आणि शरबताचे एकाच भांड्यातून वाटलेले पेले. श्वासाश्वासाने पसरणाऱ्या रोगाला वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांतून याहून अनुकूल पंधरवडा निवडता आला नसता. त्याच दसऱ्याला शिर्डीस साईबाबांनी देह ठेवला, आणि पाथरीचे लोक, जे त्यांचा जन्म आपल्या गावचा मानतात, तो दिवस त्या एका कारणाने स्मरतात; त्याच दिवशी पाथरी तालुक्यात आणखी किती घरांत देह ठेवले गेले, हे कोणी स्मरत नाही.

सबंध राज्याचे आकडे सांगायचे तर १९११ मध्ये १ कोटी ३३ लाख ७४ हजार ६७६ माणसे होती. १९२१ मध्ये १ कोटी २४ लाख ७१ हजार ७७० उरली. नऊ लाखांची ही खोट मुख्यत्वे मानमोडीची, काही दुष्काळाची आणि काही प्लेगच्या उरल्यासुरल्या फेऱ्यांची. परंतु शिरगणती दहा वर्षांतून एकदा होते आणि ती जिवंतांची होते. मेलेल्यांची नोंद गावोगावच्या पोलीस पाटलाकडे असे, आणि ती कितपत भरवशाची होती याविषयी सरकारी अंमलदारच साशंक असत. ते साहजिक आहे. ज्या आठवड्यात गावातील निम्मी माणसे अंथरुणावर आहेत, सरण रचावयास चार खांदे मिळत नाहीत, त्या आठवड्यात पाटील काही ठणठणीत राहून वही लिहीत बसला असेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

पटवाऱ्याची महसुली वही मात्र अशी ढिसाळ राहू शकत नव्हती, कारण सारा कोणाकडून वसूल करायचा हा प्रश्न साथीने थांबत नाही. खातेदार मेला की त्याच्या नावापुढे 'फौत' असे पडे, वारसाचे नाव चढविण्यासाठी विरासतीची कारवाई निघे, आणि वारस अज्ञान असेल तर 'नाबालिग' असे लिहून त्याच्यावर 'वली' नेमला जाई. माझ्या मते मानमोडीचा खरा माग येथे काढता येतो. हा रोग इतर रोगांसारखा म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना तेवढा वेचीत नव्हता. वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांवर त्याचा विशेष रोख होता. तेव्हा एखाद्या मौज्याची १३२८ आणि १३२९ फसलीची पाने समोर घेतली, आणि खात्यावर नाबालिगांची रांग लागलेली दिसली, बापाच्या जागी मुलगा येण्याऐवजी मुलाच्या जागी म्हाताऱ्या बापाचेच नाव परत आलेले दिसले, चुलत्यांना वली नेमलेले आणि पुढे पाच-सात वर्षांनी त्याच चुलत्यांविरुद्ध पुतण्यांचे दावे उभे राहिलेले दिसले, तर त्या गावातून मानमोडी कशी गेली याचा नकाशाच आपल्या हाती आला असे समजावे. डॉक्टराने लिहिलेला एकही कागद त्यासाठी लागत नाही.

परंतु या मार्गाला एक भिंत आहे, आणि तीवर डोके आपटल्यावाचून राहत नाही. ज्याच्या नावे जमीन नाही, त्याच्या मरणाने या दप्तरातील एकही ओळ हलत नाही. सालदार गेला, मोलकरीण गेली, गावच्या मरणाचा सांगावा घेऊन परगावी जाणारा महार वाटेत पडून गेला, तरी खाते जसेच्या तसे. सरकारने आपल्या वहीत जमिनीचे मरण फार काळजीने लिहून ठेवले आहे.

व्यापाऱ्यांच्या चोपड्यांतून या भिंतीला एक लहानशी फट पडते. सेलू, मानवत, हिंगोली या पेठांतील जुन्या आडत दुकानांच्या वह्या अजून काही घरांच्या माडीवर लाल कापडात बांधून ठेवलेल्या असतात; त्या कोणी रद्दीत घातल्या नसतील तर. शके १८४० ची वही मिळाली तर दसरा ते लक्ष्मीपूजन एवढेच एकोणीस-वीस दिवसांचे रोजमेळ वाचावेत. जमेच्या बाजूस धान्याची आवक एकदम आटली आहे काय ते पाहावे. खर्चाच्या बाजूस लाकूड, कोरे कापड, तूप, सुंठ, हमालांस उचल, मयतासाठी उसने, असे किरकोळ रकमांचे धागे शोधावेत. हे हाली सिक्क्याचे आणे-पै आहेत, कलदाराचे नव्हेत, हे विसरू नये. आणि ज्या हमालाचे नाव सालभर दर आठवड्याला हजेरीत आहे, ते कार्तिकानंतर पुन्हा येते की नाही, एवढे पाहून ठेवावे. जमीन नसलेल्या माणसाच्या जगण्यामरण्याची नोंद सापडलीच तर ती अशी, त्याच्या उचलीच्या खात्यात सापडावयाची. लक्ष्मीपूजनास वही बदलली की मागची येणी नव्या वहीत ओढली जातात. जे ओढले गेले नाही ते बुडाले, आणि ते का बुडाले हे सांगण्यास ऋणको राहिला नाही.

याखेरीज जे आहे ते दगडांत आहे. गावाच्या शिवेला, निंबाखाली, शेंदूर फासलेला बिनचेहऱ्याचा तांदळा म्हणजे मरीआई, हे मराठवाड्यातील पोराला सुद्धा ठाऊक असते. साथ आली की लाकडाचा लहानसा गाडा करीत, त्यात देवीची मूर्ती, चोळीबांगडी, हळदकुंकू, दहीभात ठेवीत, आणि पोतराजाच्या आसुडाच्या फटकाऱ्यात व हलगीच्या कडकडाटात तो गाडा आपल्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. पलीकडच्या गावाने सकाळी उठून पाहावे तो संकट दारात उभे. मग त्यानेही तीच पूजा बांधून गाडा आणखी पुढे ढकलावा. सुशिक्षितांनी या चालीस पुष्कळ हसून घेतले आहे. शेजाऱ्याच्या गळ्यात आपली आपत्ती बांधण्याचा हा प्रकार काही उदात्त नव्हता हे मलाही मान्य आहे, आणि मनमाडच्या फलाटावर प्रवाशांना रोखून परत पिटाळणारा तपासनीस याहून फार निराळे करीत होता असे मात्र मला वाटत नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने या गाड्याची एक वेगळीच उपयुक्तता आहे. कोणत्या गावाचा गाडा कोणत्या शिवेवर सुटे आणि तेथून कोणीकडे जाई, हे जुनी माणसे अजून सांगू शकतात. ते वीस-पंचवीस गावांतून लिहून घेतले तर पायवाटांचे आणि बाजारांच्या दिवसांचे जे जाळे उभे राहील, तेच रोगाच्या वाटांचेही जाळे असण्याचा संभव फार मोठा आहे. आणि हा गाडा ओढणारे, हलगी वाजविणारे, देवीचे मानकरी बहुतेक तेच लोक होते, ज्यांच्या मरणाने पटवाऱ्याची ओळ हलत नव्हती.

कागद मिळविण्यास निघालेल्यास पायपीट मात्र करावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची त्रिभागणी झाली, जिल्हा मुंबई राज्यात आला, आणि त्याचे वरिष्ठ दप्तर हैदराबादेतच राहिले. 'जरीदा' या सरकारी राजपत्राच्या फायली आणि महसूल, वैद्यक खात्यांचे उर्दू कागद आज तारनाक्याच्या अभिलेखागारात पाहावे लागतात. औरंगाबादचे पुराभिलेखागार जवळ पडते. हिंगोलीस १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तेव्हा तिच्या लष्करी डॉक्टरांचे काही कागद लंडनपर्यंत गेले असतील. गावोगावचे जे काही उरले ते तहसिलीच्या अभिलेखात. आणि परतूर १९८१ मध्ये जालन्याकडे, हिंगोली, कळमनुरी, वसमत १९९९ मध्ये नव्या जिल्ह्याकडे गेल्यामुळे, जुन्या परभणीची साथ आता तीन जिल्ह्यांच्या कपाटांत वाटली गेली आहे. परभणीच्या, शंभरी ओलांडलेल्या गणेश वाचनालयासारख्या संस्थेत बसून गॅझेटियरपासून आरंभ करावा, मोडी जाणणारा एक आणि उर्दू शिकस्ता वाचणारा दुसरा असे दोन सोबती गाठावेत, आणि मगच वही उघडावी. शिकस्ता वाचणारे दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत. कबरस्तानातील हिजरी साल लावून देणारे मात्र दर्ग्याच्या आवारात अजून भेटतात, आणि १३३७ हा आकडा दिसला की थांबावे.

आमच्या आजीला वय विचारले म्हणजे ती म्हणे, 'मानमोडीच्या साली म्या रांगत व्हते.' कोणत्याही कागदापेक्षा हे साल तिला पक्के होते. तिची आई त्या साथीत गेली. आजीला तिचा चेहरा आठवण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे लहानपणी गाव माळावर गेलेला तिने दोनदा पाहिला होता. १९९४ चा पावसाळा सरत आला असताना शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर पडू लागले, पिसवांनी लोक हैराण झाले, आणि थोड्याच दिवसांत गाठीच्या तापाची बातमी आकाशवाणीवर आली. आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता, लोक घरे सोडून बाहेर झोपत होते, घरांत धान्य तसेच पडून होते, अशी त्याची कारणे तज्ज्ञांनी दिली. मग सुरतेची बातमी आली, आणि परभणीच्या औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. घरातील सर्वजण वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले असता आजीने एवढेच विचारले, 'उंदीर पडले का?' पडले म्हणताच ती काठी टेकीत उठली आणि तिने बळद रिकामे करावयास लावले. सगळी ज्वारी अंगणात उन्हात पसरली गेली. संध्याकाळी ती ओसरीवर बसून बराच वेळ शेताच्या दिशेने पाहत होती. काय पाहतेस, असे विचारल्यावर म्हणाली, 'पऱ्हाटी तर अजून रानात उभी हाय. खोप कशाची बांधावी?'